अकरा हजार दिवस : थिबा राजाची रत्नागिरी

थिबा पॅलेस पाहायला येणारा प्रवासी तिथे साधारण अर्धा-पाऊण तास घालवतो. खालच्या दालनांतून हिंडतो, वर जाऊन नाचघराची संगमरवरी फरशी न्याहाळतो, अर्धवर्तुळाकार खिडक्यांशी उभा राहून भाट्याच्या खाडीकडे नजर टाकतो आणि जिना उतरताना कोणीतरी एक ठरलेला उद्गार काढतो : "बिचारा राजा!" आमच्या नोकरीची पहिली दोन वर्षे रत्नागिरीत गेली. पाहुणेरावळे आले की त्यांना पॅलेस दाखवायला नेणे हे आमच्याकडे जणू बिनपगारी कामच होते. त्यामुळे हा उद्गार आम्ही किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही. पहिल्या काही वेळा आम्हीही त्यात सूर मिसळला. पुढे पुढे मात्र तो खटकू लागला. 'बिचारा' या एका शब्दात तीस वर्षे गुंडाळून ठेवता येतात, आणि मग त्या तीस वर्षांत काय घडले हे विचारण्याची गरजच उरत नाही.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस उतरला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तिथेच वारला. मधल्या काळाचे दिवस मोजले तर ते अकरा हजारांच्या वर भरतात. राज्य त्याने केले १८७८ ते १८८५, म्हणजे सात वर्षे. रत्नागिरीस आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. गेला तेव्हा सत्तावन्न उलटून गेली होती. मंडालेच्या सिंहासनावरचा माणूस म्हणून इतिहास ज्याला ओळखतो, त्याचे बहुतेक सारे प्रौढ आयुष्य कोकणातल्या एका लहानशा बंदरगावात गेले. १९०१ च्या शिरगणतीत या गावाची वस्ती सोळा हजारांच्या आसपास होती. त्यापूर्वी पंधरा वर्षे ती आणखी कमी असणार. एवढ्या गावात एक राजा, दोन राण्या, चार राजकन्या आणि त्यांचा लवाजमा इतकी वर्षे राहिला. तो राहिला म्हणजे कसा राहिला? सकाळी उठून काय करीत असेल? कोणाशी कोणत्या भाषेत बोलत असेल? इतिहासाच्या पुस्तकांना हे प्रश्न फारसे पडत नाहीत. त्यांच्या लेखी थिबाची गोष्ट २९ नोव्हेंबर १८८५ रोजी संपते. त्या दिवशी इंग्रज सेनापतीने त्याला मंडालेच्या राजवाड्यातून बाहेर काढले, इरावतीच्या काठी आणले आणि आगबोटीत चढवले. रंगून, तिथून मद्रास, मद्रासेत काही महिने, आणि मग रत्नागिरी. पुढची तीस वर्षे ही त्या गोष्टीची तळटीप.

या युद्धाला निमित्त झाले ते सागवानाचे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशातल्या जंगलांत लाकूडतोड करी. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेल्याचा ठपका ठेवून थिबाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला मोठा दंड ठोठावला आणि इंग्रजांना हवे ते कारण मिळाले. फ्रेंचांशी चाललेली थिबाची बोलणी हे त्यामागचे खरे दुखणे होते, पण जाहीर कागदावर आले ते लाकूड. मुंबईचे नाव मिरवणाऱ्या कंपनीच्या तक्रारीवरून ज्याचे राज्य गेले, त्याला आणून ठेवले ते मुंबई इलाख्याच्याच एका जिल्ह्यात. पुढे त्याच्यासाठी जो वाडा उठला त्यातही सागवान आहेच. असो.

रत्नागिरीच का, या प्रश्नाचे उत्तर नकाशातच आहे. समोर समुद्र, पाठीशी सह्याद्री, रेल्वे नाही. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला तो १९९८ साली. त्याआधी मुंबईहून रत्नागिरी गाठणे म्हणजे काय दिव्य असे ते आमच्या पिढीला ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईशी नाते होते ते आगबोटीचे. बोट दूर समुद्रात नांगरायची, पडावातून उतारू किनाऱ्याला यायचे. पाऊस लागला की तेही बंद. घाटरस्त्याने कोल्हापूर गाठायचे म्हटले तर बैलगाडीचा प्रवास आणि आंब्याचा घाट. ब्रह्मदेशातून कोणी निष्ठावंत राजाला सोडवायला निघाला असता तर त्याला आधी हिंदी महासागर, मग मुंबई, मग ही सारी यातायात करावी लागली असती. राजबंदी ठेवायला याहून सोयीची जागा कोणती? पुढे १९२४ ते १९३७ या काळात सावरकरांना याच जिल्ह्यात स्थानबद्ध करण्यात आले तेव्हाही सरकारपुढे हाच नकाशा असणार.

आम्हांला मात्र या नकाशापेक्षा पावसाचे कोष्टक अधिक बोलके वाटते. मंडाले हे ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यातले शहर. नैर्ऋत्य मोसमी वारे आराकानच्या डोंगरांवर रिते होतात आणि पलीकडे मंडालेच्या वाट्याला उरलासुरला पाऊस येतो. सह्याद्री ओलांडला की देशावर येतो तसा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे मंडालेच्या तिप्पट तरी सहज. मंडालेची स्थापना १८५७ ची आणि थिबाचा जन्म १८५९ चा, तोही तिथलाच. विटांच्या तटाआड, खंदकाआड, सागवानी राजवाड्यात वाढलेला हा तरुण. बालपणी विहारात शिकलेला, धर्मग्रंथांच्या परीक्षेत वरच्या श्रेणीत उतरलेला. तो एप्रिलमध्ये कोकणात उतरला. एप्रिलच्या मध्यात ब्रह्मदेशात नववर्षाचा जलोत्सव असतो, लोक एकमेकांवर पाणी उडवतात. दीड-दोन महिन्यांनी रत्नागिरीत जे पाणी कोसळू लागले असेल त्याची कल्पना त्याला कोणी दिली होती की नाही कोण जाणे.

रत्नागिरीचा पहिला पावसाळा आमच्याही अंगावर असाच आला होता. आम्ही घाटावरचे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुस्तकांच्या कण्यांवर बुरशीची पांढरी लव दिसू लागली. काडेपेटीतल्या काड्या पेटेनात. धुतलेले कपडे चार-चार दिवस दोरीवर लोंबत राहात आणि शेवटी ओल्या वासासकट अंगावर चढत. तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिका इतक्या सादळल्या की पान उलटताना आवाजच येईना. शेजारच्या काकूंनी मे महिन्यातच विचारले होते, "आगोटीची खरेदी झाली ना?" आम्हांला 'आगोट' हा शब्दच नवा होता. तांदूळ, सुकी मासळी, आमसुले, कुळीथ, मिरच्या, सुकी लाकडे, सगळे मिरगाच्या आधी घरात यायला हवे. पडवीला नारळाच्या झापांचा आडोसा हवा. ज्याने ही बेगमी केली नाही त्याचे हाल. मराठी विषयात एम.ए. करूनही आमच्या गाठी हा शब्द नव्हता. काकूंनी मग आमच्याकडे पाहून जी मान हलवली तिच्यात आमच्या पदवीबद्दलचे मत स्पष्ट होते.

हे सांगण्याचे कारण एवढेच की दीर्घ मुक्कामाचा इतिहास हा आधी अशा गोष्टींचा इतिहास असतो. पाच दिवसांच्या पाहुण्याला समुद्र दिसतो. तीस वर्षे राहणाऱ्याला खारा वारा बिजागऱ्या कशा खातो ते दिसते. मंडालेहून सोबत आणलेली रेशमी वस्त्रे आणि जरीकाम यांचे एकेका पावसाळ्यात काय होत असेल याचा विचार करून पाहावा. कोकणी चातुर्मास आणि बौद्धांचा वर्षावास एकाच सुमारास येतात. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, आश्विनी पौर्णिमेला संपतो. गावात ज्या दिवसांत कहाण्या वाचल्या जात, उपास पाळले जात, त्याच दिवसांत टेकडीवरच्या त्या बौद्ध कुटुंबाच्या पंचांगातही व्रतस्थ महिने चाललेले असत. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ अर्पण करीत आणि मग हळूहळू होड्या, गलबते, आगबोटी पुन्हा दिसू लागत. पत्रे येऊ लागत. राजाच्या वर्षाचे कप्पे गावाच्या वर्षाच्या कप्प्यांवर असे बसत गेले असणार. त्याने ते मनापासून स्वीकारले की नाही हा प्रश्न निराळा. पाऊस कोणाच्या संमतीसाठी थांबत नाही.

आता त्या प्रसिद्ध वाड्याविषयी. रत्नागिरीकराला थिबा म्हटले की पॅलेस आठवतो आणि पॅलेस म्हटले की थिबा. प्रत्यक्षात हा जांभ्या दगडाचा वाडा पुरा झाला १९१० साली. म्हणजे राजाने त्यात सहा वर्षे काढली आणि आधीची चोवीस वर्षे तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या राहणीच्या जुन्या बंगल्यांत राहिला. जागा अपुरी आहे, माझ्या इतमामाला साजेशी नाही, अशा तक्रारी त्याने वर्षानुवर्षे केल्या. मुलींची बालपणे त्या बंगल्यांत गेली. धाकटी तर १८८७ मध्ये रत्नागिरीतच जन्मली. तिच्या आधीची मद्रासच्या मुक्कामात १८८६ मध्ये जन्मलेली. या दोघींनी मंडाले पाहिलेच नव्हते. थोरल्या दोघींच्याही आठवणीत ते कितीसे असणार? थोरली निघाली तेव्हा पाच वर्षांची होती. चोवीस वर्षांचा संसार ज्या भिंतींमध्ये झाला त्या भिंती गावाच्या स्मरणातून पुसल्या गेल्या आणि सहा वर्षांच्या वाड्याने सगळी स्मृती आपल्याकडे ओढून घेतली. वास्तू टिकली की आठवण तिच्यापाशी गोळा होते. इतिहासाच्या अभ्यासकाने या ओढीपासून सावध राहायला हवे, आणि प्रवासी कंपन्यांकडून ती अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

या काळाची साधने कोणती? इथे आम्हांला एका विलक्षण उलटसुलट योगाची आठवण होते. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ चा. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे ते मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात होते. हा किल्ला म्हणजे थिबाच्याच राजधानीचा तट; इंग्रजांनी त्याला फोर्ट डफरिन असे नाव दिले होते. रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत, असे हे सहा वर्षे चालले. ही गोष्ट व्याख्यानांत टाळीसाठी हमखास वापरली जाते. आम्हीही वापरली आहे. पण टाळी ओसरल्यावर एक फरक ध्यानात येतो. टिळकांच्या मंडालेतल्या दिनक्रमाबद्दल मराठी वाचकाला पुष्कळ ठाऊक असते. लाकडी कोठडी, असह्य उन्हाळा, पथ्याचे जेवण, मागवलेले ग्रंथ, पेन्सिलीने लिहिलेल्या वह्या. कारण टिळक लिहिणारे होते, त्यांची पत्रे जपणारे लोक होते, आणि ते परत येऊन बोलले. थिबाची जी पत्रे राहिली ती मुख्यतः सरकारकडे केलेले अर्ज आहेत. माझी रत्ने परत द्या. विशेषतः तो मोठा माणिक, जो ताब्यात घेताना कर्नल स्लेडन याने परत करण्याचे वचन दिले होते असे राजाचे म्हणणे. तनखा वाढवा. घर द्या. मुलींच्या लग्नांचे पाहा. अर्जात माणूस दिसतो, पण तो गुडघे टेकलेला दिसतो.

उरलेली माहिती येते ती पहारेकऱ्याच्या दप्तरातून. राजाच्या देखरेखीसाठी एक पोलीस अधिकारी नेमलेला असे. कोण आले, कोण गेले, कोणते पत्र आले, सावकाराचे देणे किती झाले, कोणते नोकर भांडून गेले, राणीचा मिजाज कसा आहे, हे सारे तो वर कळवी. वॉल्टर सद्गुण देसाई यांचा १९६७ मधील इंग्रजी ग्रंथ अशा सरकारी कागदांच्या आधारावर उभा आहे. सुधा शाह यांनी २०१२ मधल्या आपल्या पुस्तकात त्यांना वंशजांच्या आठवणींची जोड दिली आणि त्यामुळे चित्र पुष्कळ भरले. तरीही मूळ अडचण राहतेच. कैद्याचा रोजचा दिवस आपल्याला कळतो तो त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याच्या शब्दांत. राजा उधळ्या आहे, त्याला पैशाची किंमत नाही, असा सरकारी कागदांचा सूर असतो. जडजवाहीर विकले जाते, व्यापाऱ्यांची देणी थकतात, मग तनख्यावर अधिक बंधने येतात. हे खोटे म्हणता येणार नाही. पण ज्याला आयुष्यात कधी नाणे हातात धरावे लागले नाही, ज्याच्या संस्कृतीत राजाने देत राहणे हाच राजधर्म, त्याला एका तालुक्याच्या गावात महिन्याच्या हिशेबावर बसवले तर दुसरे काय होणार होते? त्याच्या देण्याने गावातल्या काही घरांत चूलही पेटली असेल, काही दुकानदार बुडालेही असतील. अधिकाऱ्याच्या कागदात यांपैकी बुडालेला दुकानदारच येतो, कारण तक्रार घेऊन तोच जातो.

थिबाला संत करण्याचा आमचा हेतू नाही. १८७९ च्या फेब्रुवारीत मंडालेच्या राजवाड्यात राजघराण्यातल्या कित्येक भावाबहिणींची कत्तल झाली. त्यात त्याचा स्वतःचा हात किती आणि सुपयालत व तिच्या आईचा किती यावर वाद आहे, पण ती त्याच्या नावाने झाली हे कोणी नाकारत नाही. इंग्रजी वृत्तपत्रांनी या कत्तलीचे भांडवल करून त्याला दारुडा राक्षस ठरवले. पुढे पुष्कळ जणांनी विरुद्ध टोकाला जाऊन त्याला भोळा सज्जन केले. रत्नागिरीतला माणूस या दोन्ही चित्रांत बसत नाही. तो बहुतेक वेळ घरात असे, बाहेर जायला परवानगी लागे, आणि तीस वर्षांत बंड, पलायन, कारस्थान असे काही त्याच्या हातून झाले नाही.

घराण्याच्या चालीरीतींचा पेच अधिक खोल होता. राजघराण्यात लग्ने आपसांतच होत. सुपयालत ही थिबाची सावत्र बहीणच. मुली मोठ्या झाल्या तेव्हा त्यांना साजेसा वर कुठून आणायचा? बरोबरीचे राजपुत्र त्या कत्तलीत गेलेले, उरलेले पांगलेले किंवा बापाला नामंजूर. सरकारशी या विषयावर पत्रव्यवहार होत राहिला आणि मुलींची वये वाढत राहिली. कान टोचण्याचा विधी ब्रह्मी मुलीच्या वयात येण्याशी जोडलेला असतो. या राजकन्यांचा तो थाटाने करायला पैसा नाही म्हणून लांबत लांबत गेला आणि झाला तेव्हा त्या चांगल्या वाढलेल्या स्त्रिया होत्या. आपल्याकडे मुंजीचे वय टळले की घरात जी चुटपुट लागते तिची शेकडोपट कल्पना करावी.

आणि याच मुली मराठी बोलत होत्या. आईबापांची दुनिया ब्रह्मी. पण घरात राबणारी, अंगाखांद्यावर खेळवणारी माणसे हळूहळू रत्नागिरीची झाली, कारण मंडालेहून आलेल्यांपैकी पुष्कळ जण कंटाळून परत गेले. मुलींना शिक्षण असे धड मिळाले नाही. जे मिळाले ते मोलकरणींकडून, दरवानांकडून, अंगणात येणाऱ्या बायकांकडून. भाषेचे अध्यापक म्हणून आम्हांला या ठिकाणी थबकावेसे वाटते. राजाने मराठी शिकण्याचे काही कारण नव्हते. मराठी हे त्याच्या पराभवाचे रोजचे स्मरण असणार. मुलींच्या तोंडी ती आली ती खेळता खेळता. एकाच छपराखाली एका पिढीची परकी भाषा दुसऱ्या पिढीची आपली होत होती. त्यांना येणारी मराठी कुठली असेल? नक्कीच पुस्तकातली नव्हे. तिच्यात 'आगोट' असणार, 'झड' असणार, कोकणी हेल असणार. आमच्यापेक्षा ती या मातीला जवळची असणार.

थोरल्या राजकन्येचे, फया जी हिचे, गोपाळ सावंत या राजाच्या चाकरीतल्या माणसाशी नाते जुळले. तो विवाहित होता. १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली. तिचे नाव टूटू. या घटनेवर नंतर फार रसभरीत लिहिले गेले आहे. आम्हांला तीत रस आहे तो दुसऱ्या कारणाने. वीस वर्षे ज्या कुंपणाने या कुटुंबाला गावापासून वेगळे ठेवले होते, ते कोणा क्रांतिकारकाने मोडले नाही. रोजच्या सहवासाने मोडले. त्या घरात बाहेरचा माणूस म्हणून जो येई तो नोकरच असे. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या स्त्रीने सहवास शोधायचा तर दुसरीकडे कुठे? आणि ज्या राजाने आयुष्यभर आपल्या रक्ताच्या शुद्धतेची पत्रे लिहिली त्याच्या पहिल्या नातीने सावंताच्या घरचे रक्त आणले, याकडे तमाशा म्हणून पाहणाऱ्यांनी त्या घरातली शांतता ऐकलेली नसते.

धाकटी राणी सुपयागले १९१२ मध्ये वारली. १९१६ च्या डिसेंबरात थिबा गेला. सुपयालतची इच्छा दोन्ही देह मायदेशी नेण्याची होती. सरकारला ब्रह्मदेशात राजाची समाधी नको होती, कारण समाधीपाशी माणसे जमतात. शवपेट्या तशाच ठेवल्या गेल्या. त्यांचे रत्नागिरीतच दफन झाले ते १९१९ मध्ये. त्या वर्षी राणीला अखेर रंगूनला जाण्याची मुभा मिळाली. मंडालेला नाही, रंगूनलाच. १९२५ मध्ये ती तिथे वारली आणि श्वेडगॉन पॅगोडाजवळ तिची समाधी झाली. त्याच रंगुनात १८६२ मध्ये दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर पुरला गेला होता. साम्राज्याला राजे अदलाबदल करून पुरण्याची सवय होती.

दुसरी राजकन्या मनाविरुद्धच्या लग्नाने आईला कायमची दुरावली आणि पुढे कालिम्पाँगला राहिली. धाकटीने मोठेपणी वडिलांचे अर्जच पुढे चालवले. थोरली मात्र ब्रह्मदेशातून रत्नागिरीला परत आली. वाड्यात नव्हे, गावात. १९४७ साली ती तिथेच वारली. तिने परत यावे याचे कारण प्रेम म्हणून सांगितले जाते आणि ते असेलही. पण आम्हांला वाटते, दुसरेही काही असावे. पाचव्या वर्षी सोडलेला देश तिला परका झाला होता. तिथली बोली, तिथली माणसे, तिथला कोरडा वारा यांपेक्षा जांभ्याची तांबडी वाट आणि पावसाची झड तिच्या ओळखीची होती. बापाची हद्दपारी मुलीचे माहेर झाली होती.

टूटूचे आयुष्य रत्नागिरीतच गेले. लोक तिला बैसू म्हणत. लग्न झाले, मुलेबाळे झाली, दारिद्र्य मात्र सुटले नाही. शेणाच्या गोवऱ्या थापून विकणे, कागदाची फुले करणे, असे तिचे दिवस. तिला मराठी येई. ब्रह्मी येत नसे. २००० साली ती वारली. त्याच वर्षी अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी आली आणि थिबाची रत्नागिरी जगभरच्या इंग्रजी वाचकांना माहीत झाली. त्या कादंबरीतला राजा दुर्बीण घेऊन समुद्रावरच्या बोटी न्याहाळत बसतो. प्रतिमा सुंदर आहे. अलीकडे वाड्यात येणारे लोक ती दुर्बीण कुठे ठेवली आहे असे विचारतात, आणि कादंबरीतला कलेक्टर खरोखरीचा होता असे समजून त्याचा बंगलाही शोधतात. कादंबरीकाराने रिकाम्या जागा भरल्या, त्याबद्दल आमची तक्रार नाही. त्या इतक्या वर्षे रिकाम्या राहिल्या याची खंत आहे. आमच्या वेळी आम्ही कॉलेजात होतो तेव्हा टूटू हयात होती. आम्ही दोन वर्षे त्या गावात राहिलो, साहित्याच्या इतिहासावर तास घेतले, पाहुण्यांना वाडा दाखवला, आणि थिबाच्या नातीला भेटायला जावे हे आमच्या एकदाही मनात आले नाही. तिच्याविषयी ऐकले नव्हते असे नाही. ऐकले होते. बाजारात कोणीतरी बोट दाखवून सांगितलेही होते. आम्ही पाहिले आणि भाजी घेऊन परत आलो.

शिवाजीनगर भागातल्या त्या दोन समाध्या बरीच वर्षे दुर्लक्षित होत्या. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. डिसेंबर २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा वंशज आले, भिक्षू आले, उपाध्यक्ष आणि सेनाप्रमुख आले. ज्या सेनाप्रमुखाने, मिन आँग ह्लाईंग याने, १ फेब्रुवारी २०२१ रोजी आपल्या देशाची सत्ता बळकावली, तोच हा. समाधीपाशी माणसे जमतात, ही इंग्रजांची भीती अगदीच पोकळ नव्हती. कोण जमेल याचा अंदाज मात्र त्यांना नव्हता.

काही वर्षांपूर्वी आम्ही पुन्हा रत्नागिरीला गेलो होतो, ऐन जुलैमध्ये. समाधीच्या जांभ्यावर शेवाळ चढले होते आणि फटीतून तेरड्याची रोपे वर आली होती. छत्री मिटून आडोशाला उभे राहावे तर वारा फिरून तिथेही झोडपत होता. शेजारच्या घरातल्या बाईंनी खिडकीतून हाक मारली, "आत या हो, भिजाल. पाऊस आता संध्याकाळपर्यंत काही उघडत नाही." आम्ही आत जाऊन बसलो. चहा पिता पिता त्यांना विचारले, इथे बाहेरचे लोक येतात का पाहायला. म्हणाल्या, येतात ना, पण मे महिन्यात.